औषधाबरोबर उजेडही द्या

आज २४ मार्च, जागतिक क्षयरोग दिन. १८८२ साली याच तारखेला रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जिवाणू सापडल्याचे जाहीर केले. आज गावोगावी फेऱ्या निघतील, आरोग्य केंद्रांवर फलक लागतील, खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर थुंकी तपासून घ्या, असे पुन्हा सांगितले जाईल. हे सांगायलाच हवे. क्षय २०२५ पर्यंत देशातून हद्दपार करायचा, जगाने ठरवलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी, असा निर्धार मार्च २०१८ मध्ये पंतप्रधानांनी दिल्लीत जाहीर केला होता. ती मुदत उलटून गेली. कामच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ साली भारतात लाख लोकसंख्येमागे २३७ नवे क्षयरुग्ण होते, ते २०२३ मध्ये १९५ वर आले. तरीही जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश आजही भारतातच आहेत. औषधे आहेत, तपासण्या आहेत, आरोग्यसेविका दारोदार जातात. मात्र रुग्ण ज्या खोलीत झोपतो, जेवतो, खोकतो, त्या खोलीविषयी आजच्या दिवशीसुद्धा फारसे कोणी बोलत नाही. आम्हाला त्या खोलीविषयीच बोलायचे आहे.

मुंबईच्या पूर्व उपनगरात गोवंडी-मानखुर्द भागात पुनर्वसनाच्या मोठमोठ्या वसाहती आहेत. रेल्वेमार्ग वाढवायचे होते, रस्ते रुंद करायचे होते, म्हणून रुळांकाठच्या आणि रस्त्याकडेच्या झोपड्यांतली कुटुंबे या शतकाच्या पहिल्या दशकात इथे आणली गेली. झोपडीच्या बदल्यात २२५ चौरस फुटांची पक्की खोली मिळाली. नळ, संडास आणि कागदोपत्री मालकीही मिळाली. रुळांच्या बाजूला जीव मुठीत धरून राहिलेल्या माणसांना याचे मोल काय वाटले असेल, हे बाहेरून बघणाऱ्याने कमी लेखू नये. पण नटवर पारेख कंपाउंडसारख्या वसाहतीत तळमजला अधिक सात मजल्यांच्या पन्नासहून जास्त इमारती एकमेकींना इतक्या चिकटून उभ्या आहेत, की दोन इमारतींच्या मधली घरगल्ली जेमतेम तीन मीटरची. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. खिडकी उघडली तर समोर दुसऱ्याची खिडकी आणि खाली कचरा, म्हणून ती बंदच राहते.

‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या संशोधकांना सोबत घेऊन या भागातल्या तीन वसाहतींचा अभ्यास केला, तो २०१८ मध्ये पुढे आला. चार हजारांवर घरांची पाहणी झाली. नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंड या दोन दाट वसाहतींत क्षयाचे प्रमाण तिसऱ्या, अधिक मोकळ्या पीएमजी वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त आढळले. तिन्ही ठिकाणची माणसे गरीबच. फरक होता तो इमारतींच्या मांडणीत, आणि खोलीत पोचणाऱ्या उजेडात व हवेत. खालच्या मजल्यांवरची घरे जास्त अंधारी आणि जास्त कोंदट होती.

यात आश्चर्य नाही. क्षय हवेतून पसरतो. रुग्णाच्या खोकल्यातून बाहेर पडलेले अतिसूक्ष्म कण बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. हवा खेळती असली तर ते विरतात, सूर्यप्रकाशात जिवाणू मरतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात रिचर्ड रायली यांनी क्षयरुग्णांच्या वॉर्डातली हवा नळीवाटे गिनीपिगांच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली. त्या प्राण्यांना क्षय झाला. ज्या गटाला तीच हवा अतिनील किरणांतून गाळून दिली, तो गट वाचला. पुढे पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयांत मोजणी झाली. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या दालनांत खिडक्या-दारे उघडली की तासाला सुमारे चाळीस वेळा हवा बदलत होती. नव्या, ठेंगण्या छताच्या दालनांत सतरा वेळा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ सरळ आहे. खिडकीचा आकार, छताची उंची, समोरची मोकळी जागा ही औषधाइतकीच आरोग्याची साधने आहेत.

मुंबईला हे शंभर वर्षांपूर्वी चांगले कळले होते. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला तो मूळ गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगास यांनी. त्या साथीने शहर हादरले आणि १८९८ साली ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. या ट्रस्टने दोन इमारतींमधल्या अंतराला कोनाचे माप लावले. खालच्या खिडकीपाशी उभे राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढली, तर ती साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त उभी असता कामा नये. सोप्या हिशेबात, समोर इमारत जितकी उंच, तिच्या निम्मे तरी अंतर मध्ये हवे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा याच विषयावर व्याख्यान दिले होते. ट्रस्टचा कारभार निर्मळ होता असा आमचा दावा नाही. त्याने जितकी गरिबांची घरे पाडली तितकी बांधली नाहीत, आणि बेघर झालेली माणसे शेजारच्या चाळींत कोंबली गेली. पण खोलीत आकाश किती दिसावे, हा प्रश्न सरकारी कचेरीत गणिताने सोडवायचा असतो एवढे तरी त्या काळाने मान्य केले होते.

हेच माप आज गोवंडीत लावून पाहा. साधारण चोवीस मीटर उंचीच्या इमारतीसमोर बारा मीटर मोकळी जागा हवी होती. ठेवली तीन मीटर. साडेत्रेसष्ट अंशांची रेघ ऐंशीच्या पुढे गेली. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सवलती देण्यात आल्या आणि एका हेक्टरात कमीत कमी ६५० घरे बसवण्याची अट झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत घातली गेली. जास्तीत जास्त किती घरे असावीत हे ठरवण्याऐवजी कमीत कमी किती कोंबावीत हे ठरले. या सवलती जागा वाचवण्यासाठी होत्या. वाचलेली जागा दुसऱ्या कामाला गेली आणि किंमत खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या फुप्फुसांनी मोजली.

दिवसभर त्या खोलीत कोण असते याचाही विचार करा. पुरुष रोजगारासाठी बाहेर पडतो. घरात राहतात त्या बायका, लहान मुले, म्हातारी माणसे. याच खोलीत शिवणाचे मशीन चालते, इमिटेशन दागिन्यांचे मणी ओवले जातात, भाजी निवडली जाते. ओट्यावरचा गॅस झोपण्याच्या जागेपासून चार हातांवर पेटतो आणि फोडणीचा धूर बाहेर जायला वाट नसते. पावसाळ्यात बाहेरच्या पाइपांतून झिरपलेले पाणी भिंतीत उतरते, रंगाचे पोपडे सुटतात, कपाटामागे काळी बुरशी धरते. उन्हाळ्यात वरच्या मजल्याची गत वेगळी. काँक्रीटची गच्ची दिवसभर तापते आणि रात्री उष्णता खाली सोडत बसते. म्हणजे एकाच इमारतीत खालच्यांना अंधार आणि ओल, वरच्यांना भट्टी. ज्यांना जमते ते वातानुकूलन यंत्र बसवतात आणि खिडकी बंद करून घेतात. त्याने गारवा येतो, पण हवा तीच ती घरात फिरत राहते.

वीजबिलाचा संबंधही इथेच आहे. अंधाऱ्या घरात चोकवाली जुनी ट्यूबलाइट पन्नासेक वॅटची, दिवसाचे पंधरा तास जळली तर महिन्याला बावीस-तेवीस युनिटे खाते. जुना पंचाहत्तर वॅटचा पंखा वीस तास फिरला तर पंचेचाळीस युनिटे. त्यांच्या जागी वीस वॅटची एलईडी नळी आणि तीस वॅटचा नवा बीएलडीसी पंखा लावला, तर याच वापरात महिन्याला चाळीस युनिटे वाचतात. ज्या घराचा वापर शंभर युनिटांच्या आसपास रेंगाळतो, त्या घराला ही बचत लगेच जाणवते. पण खिडकीतून उजेड आला तर दिवसा दिवाच लावावा लागणार नाही, हे त्याहून मोलाचे. घर निरोगी करणे आणि घराची वीज वाचवणे ही दोन खात्यांची दोन वेगळी कामे समजण्याची चूक आपण करत आलो आहोत. भिंत, खिडकी आणि गच्ची दुरुस्त केली की दोन्ही साधतात.

मुंबईत जुन्या इमारतीचा विषय निघाला की उत्तर ठरलेले असते: रिडेव्हलपमेंट. बीडीडी चाळींचे उदाहरण ताजे आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून वरळीची पहिली ५५६ कुटुंबे ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या घेऊन बाहेर पडली. त्यांच्या आनंदात आम्ही सहभागी आहोत. तीन-तीन पिढ्यांनी त्या दिवसाची वाट पाहिली होती. पण वरळीची जमीन सोन्याच्या भावाची, म्हणून तिथे हे गणित जमले. गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत चटईक्षेत्र आधीच शिगोशीग वापरून झाले आहे, घनता टोकाला पोचली आहे, विकायला जादा मजले उरलेले नाहीत. तिथे बिल्डर येणार नाही. इमारतींचे वय अजून वीसच्या आसपास आहे. त्या आणखी तीस-चाळीस वर्षे उभ्या राहणार, आणि तिथे आज जन्मलेले मूल त्याच खोलीत मोठे होणार. ‘कधीतरी पाडून नवी होईल’ या आशेवर गळका पाइपसुद्धा बदलायचा नाही, ही सवय अशा वसाहतींना जिवावर बेतणारी आहे.

तेव्हा उभ्या इमारतीच सुधारायला हव्यात. त्यासाठी परदेशी यंत्रे लागत नाहीत. बहुतेक घरांत सरकत्या काचेच्या खिडक्या आहेत, त्या कितीही सरकवल्या तरी अर्ध्याच उघडतात. त्या काढून बिजागरीची पूर्ण उघडणारी पाखे बसवली, की भिंतीला हात न लावता हवेची वाट दुप्पट होते. घरगल्लीकडच्या भिंती पांढऱ्या ठेवल्या, दर दोन-तीन वर्षांनी रंगवल्या, तर वरून पडलेला उजेड भिंतींवरून परावर्तित होत खालपर्यंत थोडा तरी पोचतो. गच्चीवर चायना मोझॅकची पांढरी लादी किंवा ऊन परतवणारा रंग लावला, की वरच्या मजल्याचा ताप कमी होतो आणि गळतीही थांबवता येते. अहमदाबादमध्ये महिला हाउसिंग ट्रस्टने वस्त्यांतल्या घरांवर हे काम केले आहे; तेलंगणने तर २०२३ मध्ये शीत छपरांचे स्वतंत्र धोरणच आणले. ओट्यावर धूर बाहेर फेकणारा पंखा, दोन्ही बाजूंना खोल्या असलेल्या अंधाऱ्या पॅसेजच्या टोकाच्या भिंती फोडून तिथे जाळी, शाफ्टमधला कचरा कायमचा काढून तिथल्या पाइपांची बदली, गच्चीवर सौरपॅनेल. ही कामे प्लंबर, गवंडी, सुतार आणि वायरमन यांच्या हातची आहेत, आणि असे कारागीर त्या वसाहतींतच राहतात.

लिफ्टचा उल्लेख वेगळा करायला हवा. लिफ्ट बंद पडली, की सातव्या मजल्यावरची म्हातारी माणसे आणि आजारी रुग्ण महिनोन् महिने खाली उतरत नाहीत. ज्याला डॉक्टरांनी ‘मोकळ्या हवेत बसा’ असे सांगितले आहे, त्याला मोकळ्या हवेपर्यंत पोचताच येत नाही. सामाईक विजेचे बिल थकले म्हणून लिफ्ट आणि पंप बंद राहतात. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापराच्या सौर संचासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपयांचे अनुदान आहे. ज्या संस्थांना या अनुदानाची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्याकडेच उरलेली रक्कम भरायला पैसा नसतो आणि अर्ज करायला धडपणे चालणारी कार्यकारिणी नसते. तिथे सरकारनेच पहिला हात द्यायला हवा.

फ्रान्समधल्या बोर्दो शहरातले एक काम या संदर्भात अभ्यासण्यासारखे आहे. तिथल्या ग्राँ पार्क वसाहतीतल्या १९६० च्या दशकातल्या तीन सरकारी इमारती, ५३० घरे. पाडाव्यात असा विचार होता. आन लाकातों आणि ज्याँ-फिलिप व्हासाल या वास्तुरचनाकारांनी सहकाऱ्यांच्या साथीने त्या वाचवल्या. प्रत्येक घराला बाहेरून जवळजवळ चार मीटर खोलीचे काचेचे दालन आणि सज्जा जोडला. लहान खिडक्यांच्या जागी जमिनीपर्यंतची सरकती दारे आली. उजेड वाढला, उष्णतेसाठी लागणारी ऊर्जा घटली, आणि या सगळ्या काळात भाडेकरू आपापल्या घरातच राहिले. या कामाला २०१९ साली मीस व्हान डेर रोह पुरस्कार मिळाला, तर २०२१ मध्ये या दोघांना वास्तुकलेतला प्रतिष्ठेचा प्रित्झकर पुरस्कार. थंड हवामानातला हा उपाय गोवंडीत चालणार नाही, आणि तीन मीटरच्या घरगल्लीत चार मीटरचा सज्जा बसणारही नाही. पण माणसांना न हलवता, त्यांना विचारून, असलेल्या घरात भर घालायची, हा निर्णय मात्र कोणत्याही हवामानात घेता येतो.

दुरुस्ती वाईट झाली तर काय होते, तेही जगाने पाहिले आहे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या सरकारी घरांच्या इमारतीचे नूतनीकरण २०१६ मध्ये झाले. घरे उबदार राहावीत, इमारत देखणी दिसावी, म्हणून बाहेरून जे आवरण लावले ते पेट घेणारे निघाले. १४ जून २०१७ च्या रात्री ७२ माणसे गेली. रहिवाशांनी आगीच्या धोक्याबद्दल आधीच लिहिले होते, त्यांचे कोणी ऐकले नाही. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या जय भवानी या पुनर्वसन इमारतीत पहाटे आग लागली. तळाशी पेटलेल्या वाहनांचा आणि सामानाचा धूर वर चढत गेला आणि झोपेतली माणसे त्यात सापडली. म्हणून सुधारणेच्या प्रत्येक कामात जिना मोकळा आहे का, ग्रिलला आतून उघडणारी खिडकी आहे का, पाण्याचा दाब आहे का, हे आधी पाहिले पाहिजे. स्वस्तातले सामान आणि घाईची निविदा यांना इथे जागा नाही. कामाची यादी रहिवाशांच्या बैठकीत ठरावी, आणि काम झाल्यावर त्यांच्या सहीशिवाय ठेकेदाराला पैसे मिळू नयेत, असा आमचा आग्रह आहे.

आता पैशाचा आणि जबाबदारीचा प्रश्न. इमारत एका प्राधिकरणाने बांधली, कचरा महापालिकेने उचलायचा, देखभाल सोसायटीने करायची आणि क्षयाची औषधे आरोग्य विभागाने द्यायची. मधल्या घरगल्लीचा धनी कोणीच नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत विकासकाने घरटी २० हजार रुपये देखभालीसाठी ठेव म्हणून ठेवायचे असत. आजच्या भावात त्या व्याजावर लिफ्टची दुरुस्तीही भागत नाही. तरीही अशी संस्था उभारण्याचा अनुभव मुंबईला आहे. जुन्या शहरातल्या १९ हजारांवर मोडकळीला आलेल्या उपकरप्राप्त इमारतींसाठी १९६९ साली कायदा झाला आणि दुरुस्ती मंडळ निघाले. रहिवाशांनी उपकर द्यायचा, सरकारने भर घालायची आणि मंडळाने इमारत सावरायची. त्या मंडळाच्या कारभारात दोष खूप होते. पण गरिबाच्या घराची दुरुस्ती ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यातून कायद्यात आले आणि अर्धशतकाहून अधिक काळ टिकले. आज तसेच मंडळ उपनगरांतल्या पुनर्वसन वसाहतींसाठी हवे. तीस वर्षांवरच्या इमारतींना मुंबईत संरचना तपासणी सक्तीची आहे. तिच्याबरोबर उजेड आणि हवेची तपासणीही व्हावी, आणि पुनर्वसनाच्या इमारतींसाठी त्या तिसाव्या वर्षाची वाट पाहू नये.

या दुरुस्तीला आरोग्याच्या अंदाजपत्रकातूनही पैसा मिळावा. तो का, असे कोणी विचारील. उत्तर आपल्याच देशातून मिळाले आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना पुरेसे अन्न दिले, तेव्हा त्यांच्यातला नवा क्षय ३९ टक्क्यांनी घटला. ‘रेशन्स’ नावाच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारने पोषणासाठीची मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० रुपयांवरून एक हजार रुपये केली. अन्न हा उपचाराचा भाग आहे, हे मान्य झाले, हे फार मोठे पाऊल होते. त्याच कुटुंबाला रात्री त्याच कोंडलेल्या खोलीत झोपवायचे आणि दुसऱ्या मुलाला लागण झाली की पुन्हा सहा महिन्यांची औषधे सुरू करायची, यात खर्चही वाचत नाही आणि माणूसही वाचत नाही.

मंडळ उभे राहायला वेळ लागेल, निधीला मंजुऱ्या लागतील. एक काम मात्र आजच करता येण्यासारखे आहे. गोवंडी-मानखुर्द महापालिकेच्या ज्या एम पूर्व विभागात येते, तिथल्या प्रत्येक क्षयरुग्णाच्या नोंदीत त्याचा मजला आणि त्याच्या खिडकीसमोर किती जागा मोकळी आहे, हे दोन रकाने वाढवावेत. आरोग्यसेविका त्या घरात जातेच, तिला ते दिसतेच. ज्या इमारतींच्या ज्या मजल्यांवर नोंदी दाट होतील, तिथल्या खिडक्या, पंखे आणि पाइप महापालिकेने या पावसाळ्याआधी बदलावेत.